बंदुकीला सायलेन्सर नको, पण पोरांच्या कानांचं काय?

मा. संपादक साहेब यांना सप्रेम नमस्कार.

पत्र जरा लांबलंय. जागा नसेल तर माझं घरचं जे काय लिहिलंय ते खुशाल कापा, पण कायद्याची कलमं आणि डेसिबलचे आकडे तेवढे कापू नका, कारण त्यासाठीच मी हे लिहायला बसलोय.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय ६१. कॉलेजात एनसीसीमध्ये असताना पहिल्यांदा रायफल हातात आली आणि पुढं वीस-बावीस वर्षं नोकरी सांभाळून जमेल तसं टार्गेट शूटिंग केलं, मोठं मेडल वगैरे काही नाही, पण तो नाद सुटला नाही. आता रविवारी रेंजवर जाऊन नव्या पोरांना उभं कसं राहायचं, श्वास कुठं धरायचा, ट्रिगरवर बोट कसं ठेवायचं एवढं सांगत बसतो.

मागच्या रविवारी तिथं एका मुलीचे वडील भेटले. मुलगी १४ वर्षांची, दीड वर्ष एअर रायफल मारतेय, हात चांगला आहे, आता तिला पॉईंट टू-टू वर, म्हणजे खऱ्या काडतुसाच्या छोट्या रायफलवर जायचंय. पण त्या दिवशी शेजारच्या लेनवर कुणीतरी पॉईंट टू-टू मारली आणि पोरगी दोन्ही कान धरून खालीच बसली, कारण एअर रायफलच्या टपटप आवाजाची सवय झालेली, खरं काडतूस फुटलेलं तिनं इतक्या जवळून कधी ऐकलंच नव्हतं. वडील घाबरले. त्यांनी मोबाईल काढून मला बंदुकीच्या सायलेन्सरची एक जाहिरात दाखवली, काळी गुळगुळीत नळी, बॅरलच्या पुढं आटे देऊन बसवायची. म्हणाले, काका, ही लावली तर आवाजच येत नाही म्हणतात, मागवू का पोरीसाठी?

मी म्हटलं, अजिबात मागवू नका. ती नळी तुमच्या घरात आली म्हणजे कायद्याच्या हिशोबानं घरात विनापरवाना बंदूक आली. माणूस माझ्याकडं बघतच राहिला, त्याला वाटलं मी काहीतरी वाढवून सांगतोय. आणि नंतर तिथं असलेल्या सात-आठ जणांना विचारलं तर त्यातल्या एकालाही हे माहीत नव्हतं, त्यात दोघं जण स्वतः परवानाधारक.

म्हणून आधी कायदा सांगतो. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये कलम २ ला व्याख्या आहेत. तिथं बंदूक म्हणजे काय हे सांगताना बंदुकीसोबत आणखी काही वस्तू त्याच व्याख्येत घेतल्यात आणि त्यात गोळी सुटताना होणारा आवाज किंवा उजेड कमी करण्यासाठी बनवलेली उपकरणंही आहेत. म्हणजे सायलेन्सर हा आपल्याकडं बंदुकीचा सुटा भाग म्हणून नाही तर बंदूक म्हणूनच धरला जातो, सोबत बंदूक असो वा नसो, नुसती नळी कपाटात असली तरी. कलम ३ म्हणतं परवान्याशिवाय बंदूक बाळगायची नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बाळगण्याला कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं कैद, वर दंड. विनापरवाना तयार करणाऱ्याला तर ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. हे शेवटचं मी मुद्दाम लिहितोय कारण आपल्या गावात लेथ आणि वर्कशॉपना तोटा नाही, उद्यमनगरात डोकं चालवणारी पोरं आहेत, नमुना दाखवला की तसाच्या तसा पार्ट काढून देतील. कुणी ओळखीचा येऊन असली नळी वळवून मागितली तर त्या पोराला कळलं पाहिजे की तो काय करायला बसलाय. मोबाईलवरच्या जाहिरातीत ही एअरगनसाठी आहे, हिला लायसन लागत नाही असं लिहिलेलं असतं, त्यावरही जाऊ नका. कायद्यातली बंदुकीची व्याख्या बारुदानं किंवा दुसऱ्या कुठल्याही शक्तीनं गोळी फेकणारं शस्त्र इतकी रुंद आहे, आणि एअरगनसाठी म्हणून विकलेली नळी दुसऱ्या कशाला बसणार नाही याची हमी विकणारा देत नाही.

लोकांचा घोळ का होतो तेही कळतं. आपल्याकडं सायलेन्सर म्हटलं की पहिल्यांदा बुलेट आठवते. गाडीला सायलेन्सर नसेल, किंवा आतली जाळी काढून फटाक्यासारखा आवाज काढणारा बसवलेला असेल तर पोलीस तो उतरवून घेतात आणि सगळे एका रांगेत मांडून वरून रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो तुमच्याच पेपरात आपण सगळ्यांनी बघितलेत. म्हणजे गाडीला सायलेन्सर लावला नाही तर गुन्हा आणि बंदुकीला लावला तर गुन्हा. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन्हीचा जन्म एकाच घरातला आहे. अमेरिकेत हायरम पर्सी मॅक्सिम नावाचा इंजिनियर होता, मशीनगनवाल्या मॅक्सिमचा मुलगा, त्यानं १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि त्याच्याच कंपनीनं पुढं इंजिनांचे सायलेन्सर केले. तत्त्व तेच. नळीतून एकदम बाहेर फुटणारा तापलेला वायू आतल्या खणांखणांतून फिरवायचा, त्याला पसरायला आणि थंड व्हायला जागा द्यायची, म्हणजे तोंडाशी येईस्तोवर त्याचा जोर गेलेला असतो.

पण पिक्चरमध्ये दाखवतात तसा नुसता 'फुस्स' आवाज प्रत्यक्षात येत नाही, हे मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी दोघांनीही समजून घ्यावं. साधी पॉईंट टू-टू रायफल कानाशी साधारण १४० डेसिबलचा दणका देते, त्याच काडतुसाचं पिस्तूल त्याहून जास्त, कारण बॅरल आखूड आणि तोंड कानाच्या जवळ. बारा बोअर, म्हणजे छऱ्याची बंदूक, १५० च्या वर, आणि मोठ्या रायफली १६० च्या पुढं जातात. चांगला सायलेन्सर त्यातले २० ते ३५ डेसिबल कमी करतो. म्हणजे १६५ ची रायफल १३५ वर आली समजा, तर त्या आवाजाला शांत कोण म्हणेल? शिवाय गोळी आवाजाच्या वेगापेक्षा जोरात, म्हणजे सेकंदाला ३४० मीटरच्या वर पळत असेल तर ती हवा फाडत जाते त्याचा वेगळा कडाका होतो, आणि तो बॅरलपासून पुढं सगळ्या वाटेवर होत जातो, त्याला तोंडाशी लावलेली नळी काय करणार? मॅचसाठीची पॉईंट टू-टू काडतुसं त्या वेगाच्या जरा खालीच ठेवलेली असतात म्हणून त्यांना तो कडाका नसतो, फक्त तोंडाचा आवाज असतो.

आता हा कायदा बरोबर की चूक? माझं मत स्पष्ट आहे, आपल्याकडं तो बरोबर आहे आणि ढिला करू नये. मी शूटिंगवाला असून हे म्हणतोय. माझं आजोळ राधानगरीकडं, दाजीपूरच्या जंगलाला लागून. तिथं रात्री लांब कुठंतरी बार झाला तर अख्खं गाव जागं होतं, कुत्री उठतात, कुणीतरी फॉरेस्टवाल्यांना फोन लावतो. गव्यावर, भेकरावर, सांबरावर रात्री बंदूक चालवणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती कशाची, तर त्या आवाजाची. चौकीत दोन-तीन माणसं आणि पुढ्यात एवढं मोठं जंगल, त्यांना प्रत्येक ओढ्यावर उभं राहता येत नाही, त्यांचे कान तेवढे लांब पोचतात. तो आवाज आपण काढून घेतला तर त्या जनावरांना वाचवायला उरलं काय? तीच गोष्ट माणसांची. गोळी चाललेली दोन गल्ल्यांत ऐकू येते म्हणून माणसं धावतात, साक्षीदार मिळतात, वेळ कळते.

बाहेरच्या देशांत वेगळं आहे हे मला ठाऊक आहे, लगेच कुणीतरी म्हणेलच म्हणून लिहितो. नॉर्वे, फिनलंडमध्ये शिकारी सर्रास सायलेन्सर लावतात आणि तिथं तो कानाच्या आणि शेजाऱ्यांच्या सोयीचा भाग मानतात. फ्रान्सनं २०१८ पासून शिकाऱ्यांना मुभा दिली. अमेरिकेत १९३४ च्या कायद्यानं त्यावर २०० डॉलरचा कर आणि सरकारी नोंदणी लावली, आता २०२६ पासून कर शून्यावर आणलाय पण नोंदणी तशीच ठेवली, आणि कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क धरून ८ राज्यांत तो सामान्य माणसाला ठेवताच येत नाही. त्यांची जंगलं, त्यांचे शिकारीचे कायदे, त्यांची गावं वेगळी. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकारच बंद आहे, मग शिकाऱ्याच्या सोयीचं कारण इथं आणायचंच कशाला?

इथपर्यंत कायद्याचं झालं. पण साहेब, माझं खरं दुखणं पुढं आहे. कायद्यानं बंदुकीचं तोंड बांधायला मनाई केली ते ठीक, पण माणसाचा कान झाकायला कुणी मनाई केलेली नाही, तरी आपण झाकत नाही. झाका म्हणून कुणी सांगत नाही, सांगितलं तर ऐकत नाही, आणि झाकला नाही तर कुणी थांबवत नाही.

मी शिकलो तेव्हा आमची रेंज म्हणजे पत्र्याची शेड होती. वर पत्रा, दोन्ही बाजूला भिंती, बार झाला की आवाज पत्र्यावर आपटून परत डोक्यावर यायचा. कानात घालायला आम्ही कापसाचे बोळे न्यायचो, आईनं वातीसाठी ठेवलेला कापूस, आणि वाटायचं की आपण फार काळजी घेतली. कापसानं जवळजवळ काहीच अडत नाही हे मला पुढं डॉक्टरांनी सांगितलं. आणि कित्येकदा कापूसही नसायचा. कान झाकणारा पोरगा म्हणजे भित्रा असं आम्हीच एकमेकांना चिडवायचो, मी स्वतः चिडवलंय, त्याचं मला आज फार वाईट वाटतं. सराव संपवून घरी आलो की कानात दोन-तीन तास 'कीं' असा आवाज राहायचा, रात्री झोपताना जास्त कळायचा आणि सकाळी गेलेला असायचा. गेला म्हणजे बरं झालं असं धरून चालायचो. तो कान बरा होत नव्हता, प्रत्येक वेळी थोडा थोडा मरत होता.

पंचेचाळिशीत तो आवाज आला तो गेलाच नाही. अजून आहे, हे लिहितानाही आहे, रातकिडा बसल्यासारखा. तेव्हा कानाच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी काचेच्या खोलीत बसवून टेस्ट केली आणि कागदावर ग्राफ काढून दिला. सुरुवातीला रेघ बरी चाललेली आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे बारीक चिरक्या आवाजांपाशी, एकदम खड्ड्यात गेलेली, डाव्या कानाची उजव्यापेक्षा खूप जास्त. डॉक्टरांनी मला दुसरं काहीही न विचारता एवढंच विचारलं, बंदूक चालवता का, उजव्या खांद्यावरनं? उजव्या खांद्याला रायफल लावली की मान वळते, उजवा कान डोक्याच्या आडोशाला जातो आणि डावा कान बॅरलच्या तोंडाकडं उघडा राहतो. त्यामुळं रायफलवाल्यांचा डावा कान आधी जातो, आणि डॉक्टर लोक ग्राफ बघूनच ओळखतात.

कानाच्या आत शंखासारखा एक भाग असतो, त्यात अगदी बारीक केसासारख्या पेशी असतात, त्या आवाजाबरोबर हलतात आणि मेंदूला खबर देतात. मोठ्या दणक्यानं त्या मोडतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्वचा भरून येते, हाड जुळतं, हे नाही. कानाला स्वतःचं थोडं संरक्षण आहे, मोठा आवाज आला की मधल्या कानातला एक छोटा स्नायू आखडतो, पण त्याला आखडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बंदुकीचा दणका आत येऊन गेलेला असतो.

आणि बहिरेपण म्हणजे सगळं गप्प होतं असं नाही, तसं असतं तर लोकांना लवकर कळलं असतं. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. 'स', 'श', 'त', 'फ' ही अक्षरं गळतात. बायकांचे आणि लहान पोरांचे आवाज आधी पुसट होतात. लग्नाच्या हॉलमध्ये चार माणसं बोलत बसली तर मी फक्त तोंडाकडं बघून मान हलवतो. माझा पाच वर्षांचा नातू डाव्या बाजूला येऊन कानात काहीतरी गुपित सांगतो, मला नुसता त्याचा श्वास लागतो, आणि मी हसून हो म्हणतो, कारण परत परत विचारलं की तो हिरमुसतो. त्यानं काय सांगितलं ते मला आजवर एकदाही कळलेलं नाही.

म्हणून मला त्या १४ वर्षांच्या मुलीची धास्ती वाटली. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ च्या मार्गदर्शनात अशा क्षणिक दणक्याची मर्यादा मोठ्या माणसासाठी १४० डेसिबल आणि लहान मुलांसाठी १२० डेसिबल सांगितलीय. वीस डेसिबलचा फरक म्हणजे थोडका नव्हे, डेसिबलच्या हिशोबात दर ३ ला आवाजाची ताकद दुप्पट होते, २० म्हणजे शंभरपट. आता पॉईंट टू-टू रायफल १४० च्या आसपास, आणि पोरगी एका दिवसात ६० ते १०० गोळ्या मारणार, शिवाय तिच्या डाव्या-उजव्या लेनवरचे तेवढेच मारणार, ते सगळे दणके तिच्याच कानात. मोठ्या माणसाला काठावर असलेला आवाज पोरांना किती वरचा आहे बघा.

आणि आपल्या कोल्हापुरात ही पोरं आता शेकड्यानं येणार, यायलाच पाहिजेत. तेजस्विनी सावंतनं २०१० ला म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून रायफल मारायची) वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गोल्ड मारलं, राही सरनोबतनं २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तूलचं गोल्ड आणलं, आणि १ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) ब्राँझ घेतलं, तो दिवस मी विसरूच शकत नाही, आमच्या गल्लीत बाया रस्त्यावर येऊन पेढे वाटत होत्या. त्या दिवसापासून रेंजवर विचारायला येणारे आईबाप थांबलेले नाहीत. कर्ज काढून रायफल घेतात, जॅकेट घेतात, बूट घेतात, पेलेटचा, म्हणजे एअर रायफलच्या गोळ्यांचा, डबा कुठल्या बॅचचा यावर तासभर चर्चा करतात. इअरमफ, म्हणजे हेडफोनसारखं कान झाकणारं साधन, मात्र सगळ्यात शेवटी, बिलात पैसे उरले तर. आणि ही तिन्ही मेडलं आलेली शस्त्रं, ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल, काडतुसाची आहेत. एअर रायफलवरची पोरं पुढं तिकडंच जाणार.

आंतरराष्ट्रीय शूटिंगच्या नियमात फायरिंग लाईनजवळच्या सगळ्यांना कान झाकायचा आग्रह धरलाय, शूटर, रेंज ऑफिसर, जवळपास असतील ते सगळे. पण आग्रह आहे. डोळ्यावर ब्लाइंडर (नेम धरताना लावायची झापड) किती सेंटिमीटरचा, जॅकेट किती जाड हे सगळं मोजून बघतात, चुकलं तर मॅच जाते, आणि कान उघडा ठेवला तर तो ज्याचा त्याचा प्रश्न. आपल्या शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत कामगार उभा असतो त्याच्यासाठी सरकारी नियमात आकडे आहेत, ८ तासांना ९० डेसिबल आणि दणक्याच्या आवाजाला १४० ही वरची हद्द. तो नियम तिथं किती पाळतात हा वेगळा विषय, पण निदान लिहिलेला तरी आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल हा २००० सालचा नियम आता डॉल्बीच्या भांडणामुळं आपल्या पोराटोरांनासुद्धा पाठ झालाय. (हे सरासरीचे आकडे आणि बंदुकीचे क्षणाचे आकडे एकाच मापाचे नाहीत, सरळ वजाबाकी करू नका.) फटाक्याला सुद्धा ४ मीटरवर १२५ डेसिबलची मर्यादा १९९९ पासून आहे. आणि रेंजवर शिकणाऱ्या पोरीच्या कानासाठी मला एक ओळ सापडत नाही जी दाखवून मी एखाद्या कोचला म्हणू शकेन की बाबा, हिनं मफ घातल्याशिवाय तू ट्रिगरला हात लावू देऊ नकोस.

माझं मागणं एवढंच आहे, आणि ते जिल्हा क्रीडा खात्यानं, क्लबांनी आणि परवाना देणाऱ्यांनी तिघांनीही वाचावं. रेंजच्या दारावरच पाटी असावी आणि दारात माणूस असावा, कान उघडा तर आत प्रवेश नाही, शूटरला नाही, कोचला नाही, मागं बाकावर डबा घेऊन बसलेल्या आईलाही नाही. गेटवर चार-पाच जास्तीचे मफ टांगून ठेवायला असा काय खर्च येतो? बंद शेडमध्ये पत्र्याखाली आणि भिंतींना आवाज पिणारं काहीतरी बसवा, रॉकवूलचे पॅनेल असोत नाही तर दुसरं काही, म्हणजे दणका परत येणार नाही. हे कायद्यात कुठंही अडत नाही. बंदुकीला नळी लावायला बंदी आहे, भिंतीला गादी लावायला नाही. आणि काडतुसावर जाणाऱ्या प्रत्येक पोराची आधी एकदा आणि मग दर वर्षी कानाची टेस्ट झालीच पाहिजे, कारण खड्डा पडायला लागला की तो ग्राफवर आधी दिसतो, पोराला नंतर कळतो. एनसीसीच्या कॅम्पात, पोलीस भरतीच्या पोरांना, होमगार्डना हेच लागू करा, तिथं तर रांगेनं दहा-दहा जण एकदम फायर करतात.

मफ घातला म्हणजे झालं असंही नाही, नीट घालावा लागतो. चष्म्याची काडी, केसांची क्लिप, टोपीची कड मधे आली की फट राहते आणि आवाज त्या फटीतून आत जातो. रायफलवाल्यांना वेगळी अडचण, स्टॉकला, म्हणजे रायफलच्या खांद्याकडच्या भागाला, गाल टेकवला की उजवा मफ वर उचलला जातो, त्यासाठी बरेच जण कानात फोमचे प्लग घालतात. प्लग बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कान वरनं मागं ओढायचा, आत सरकवून वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवायचा, फुलू द्यायचा. नुसता तोंडाशी टेकवलेला प्लग म्हणजे आमचा कापूसच. बंद शेडमध्ये किंवा पिस्तूलवाल्यांनी प्लग आणि वर मफ दोन्ही घाला, मी आता तेच करतो, फार उशिरा. बोलणं ऐकू येणारे इलेक्ट्रॉनिक मफ कोचना सरावात चालतील, मॅचमध्ये शूटरला चालत नाहीत, घेताना बघून घ्या.

शेतकऱ्यांचं राहून जाईल म्हणून लिहितो. राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, शाहूवाडी या पट्ट्यात पीक राखायला बारा बोअरचा परवाना असलेली घरं आहेत. रात्री माळ्यावर बसून गवा, डुकरं हुसकवायला हवेत बार काढतात, आणि कान झाकायचा तर प्रश्नच नाही कारण जनावराची चाहूल ऐकायची असते. माझे एक मामा असेच, ऐंशीच्या पुढचे, दोन्ही कानांनी गेलेत, घरातले त्यांच्यावर ओरडून बोलतात आणि ओरडून बोलता बोलता चिडूनच बोलायला लागतात. अशांना मी काय सांगू? एवढंच की प्लग खिशात ठेवा, चाहूल घेताना काढा आणि बंदूक खांद्याला लावायच्या आधी कानात घाला, आणि शेजारी पोरगं असेल तर आधी त्याचे कान झाका. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नवीन परवान्याला सुरक्षित हाताळणीचं ट्रेनिंग घालून दिलंय, त्यात बंदूक कशी धरायची, कशी ठेवायची हे शिकवतात तसं पंधरा मिनिटं कानाची घाला. मराठीतनं, गावच्या माणसाला कळेल असं. आणि तिथंच हेही सांगा की आवाज कमी करायची नळी विकत, भाड्यानं, उसनी, कशीही घ्यायची नाही.

लग्नात, वाढदिवसाला हवेत गोळ्या झाडणाऱ्यांविषयी जास्त लिहीत नाही, २०१९ च्या दुरुस्तीनं दुसऱ्याच्या जीवाला धोका होईल अशा त्या प्रकाराला २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलंय, पोलिसांनी ते वापरावं.

त्या मुलीच्या वडिलांनी ती नळी मागवली नाही. परवा फोन आला, मफ घेतलाय म्हणाले, तिच्या डोक्याला थोडा सैल बसतोय, काय करू? मी सांगितलं, बदलून घ्या, सैल चालणार नाही, आणि तुम्ही मागं बाकावर बसता तेव्हा तुमच्या स्वतःसाठी पण एक घ्या. तिची कानाची टेस्ट येत्या मंगळवारी आहे. ग्राफचा कागद घेऊन रविवारी रेंजवर यायला सांगितलंय, आणि येईस्तोवर तिला एअर रायफलच मारू दे म्हटलंय.

आपला,
एक जुना वाचक
मंगळवार पेठ, कोल्हापूर